नागपूरच्या औषध दुकानदारांना खुले पत्र : लेकरांच्या जुलाबावर अँटिबायोटिकची बाटली देऊ नका

नागपूर शहरातल्या आणि जिल्ह्यातल्या सर्व औषध विक्रेत्या बंधू-भगिनींना,

सप्रेम नमस्कार.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारी रात्री नऊच्या सुमारास मी घराजवळच्या मेडिकलमध्ये बीपीच्या गोळ्या घ्यायला उभी होते. माझ्या पुढे बावीस-तेवीस वर्षांची एक पोरगी, कडेवर वर्षा-सव्वा वर्षाचं लेकरू. "दादा, याला सकाळपासून पातळ संडास होऊन राहिली. सात-आठ वेळा झाली." दादांनी वय विचारलं, वजन विचारलं, वळून फळीवरची एक बाटली काढली. आत कोरडी पावडर. "उकळून गार केलेलं पाणी या बाणापर्यंत टाका, चांगलं हलवा, सकाळ-संध्याकाळ अर्धा चमचा." सगळं मिळून दीड मिनिट झालं असेल. पोरगी पैसे देऊन निघून गेली. शीमध्ये रक्त दिसतं का, लघवी झाली का, लेकरू पाणी पितं का, हे कोणी विचारलं नाही. मीही बोलले नाही. मागे चार माणसं उभी, दादा ओळखीचे, लोकांसमोर त्यांना काय टोकायचं असं वाटलं. तेव्हा जे बोलायचं राहिलं ते आता लिहिते आहे.

मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. एकवीस वर्षं झाली. लोकांचं रक्त, लघवी, थुंकी, शी आमच्याकडे येते. त्यातले जंतू आम्ही वाढवतो आणि कोणतं औषध त्यांना मारतं ते पाहतो.

तुम्ही म्हणाल, ही बाटली डॉक्टरही लिहून देतात, मग पत्र आम्हालाच का? डॉक्टरही देतात हे खरं आहे आणि त्यांच्याशीही आमचा वाद चालूच असतो. पण पारडीत, कळमन्यात, वाठोड्यात रविवारी रात्री दवाखाना बंद असतो आणि तुमचं शटर उघडं असतं. आपल्या शहरात दुकानालाही मेडिकल म्हणतात आणि त्या मोठ्या सरकारी रुग्णालयालाही मेडिकलच म्हणतात. मोठ्या मेडिकलला जाऊन दिवस मोडणं ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठी तुमचा काउंटर हाच दवाखाना आहे. म्हणून पहिलं पत्र तुम्हाला.

दोन वर्षांपूर्वी अकरा महिन्यांच्या एका मुलीच्या शीचा नमुना आमच्याकडे आला. वडील कळमन्याच्या बाजारात हमाली करतात. नमुना घेऊन आई स्वतःच आली होती आणि तिच्या हातात एक कॅरीबॅग होती. आधी कोणकोणती औषधं दिली, असं विचारल्यावर तिने बॅग टेबलावर रिकामी केली. अँटिबायोटिकच्या तीन बाटल्या निघाल्या. एक सेफिक्झिमची, दोन ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलच्या. झाकणं साखरेने चिकटलेली, लेबलं ओघळांनी पिवळी पडलेली, एका बाटलीत तळाशी बोटभर औषध अजून शिल्लक. तीच उरलेली बाटली तिने पुढच्या वेळी पुन्हा वापरली होती. चार महिन्यांत तीनदा जुलाब आणि तीनही वेळा हीच औषधं. "मॅडम, मागच्या टायमाला तर यानंच बरी झाली होती," ती म्हणाली.

या एका वाक्यात सगळी गोम आहे, म्हणून इथे थोडं थांबते. लहान मुलांना होणारे पाण्यासारखे जुलाब बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतात. रोटाव्हायरस त्यातला सगळ्यात ओळखीचा. त्याची लस २०१६ पासून टप्प्याटप्प्याने आपल्या सरकारी लसीकरणात आली. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, हे तुम्ही डी. फार्म. किंवा बी. फार्म.ला शिकलेला आहात. असे जुलाब साधारण तीन ते सात दिवसांत आपोआप थांबतात. तिसऱ्या दिवशी बाटली सुरू केली, पाचव्या दिवशी शी घट्ट झाली, की श्रेय बाटलीला. आईच्या डोळ्यांसमोर घडलेलं असतं, तिला खोटं कसं वाटेल? तुम्हालाही तोच अनुभव वर्षानुवर्षं येतो. गिऱ्हाईक परत येऊन सांगतं, दादा, लागू पडलं. त्यामुळे सवय पक्की होते.

चौथ्या वेळी मात्र त्या मुलीच्या शीमध्ये रक्त आणि शेंबडासारखी आव होती आणि अंगात १०३ ताप.

तिचा नमुना मी मॅकॉन्कीच्या प्लेटवर, म्हणजे जंतू वाढवायच्या थाळीवर, ओढला. दुसऱ्या दिवशी सकाळी गुलाबी ठिपक्यांच्या गर्दीत फिकट, बिनरंगी ठिपके दिसले. गुलाबी म्हणजे ई. कोलाय, तो सगळ्यांच्याच आतड्यात असतो. बिनरंगी निघाला शिगेला, रक्ती हगवणीचा जंतू. मग तो शिगेला आम्ही दुसऱ्या प्लेटवर कापसाच्या काडीने पसरवला. अंगण सारवतात तसं, तीन वेगवेगळ्या दिशांनी, कुठे जागा सुटू नये म्हणून. त्यावर औषध भिनवलेल्या कागदाच्या डिस्क ठेवल्या. टिकलीएवढ्या असतात, सहा मिलिमीटरच्या. रात्रभर ऊब दिली. औषध चालत असेल तर डिस्कभोवती जंतू मरून स्वच्छ गोल पडतो, तो आम्ही पट्टीने मोजतो. सकाळी झाकण उघडलं तर ऑफ्लॉक्सासिनच्याच गटातल्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्या डिस्कला जंतू अगदी काठापर्यंत येऊन टेकले होते. सेफिक्झिमच्या गटातल्या सेफ्ट्रिअॅक्झोनच्या भोवती तेच. गोल पडलाच नव्हता. ऐन गरजेच्या वेळी जी औषधं हातात असायला हवीत त्यातली दोन अशी निकामी झालेली. एका औषधाभोवती चांगला गोल होता, ते सुरू केलं आणि मुलगी वाचली. नऊ दिवस भरती होती. नऊ दिवस वडिलांची मजुरी बुडाली. रिपोर्ट यायला तीन दिवस लागतात आणि ते तीन दिवस डॉक्टर अंदाजाने औषध देत असतात, हेही तुम्हाला ठाऊक आहे.

त्या तीन बाटल्यांमुळेच तो शिगेला तसा झाला, असं मी म्हणणार नाही. तो दुसऱ्याच कोणाच्या घरातून, आधीच तयार होऊन आला असेल. पण कोणाच्या तरी आतड्यात तो तयार झालाच. कसा, ते सांगते.

ई. कोलाय पहिल्यांदा सापडला तोच मुळी तान्ह्या बाळांच्या शीत. थिओडोर एशेरिच या बालरोगतज्ज्ञाने १८८५ साली तो ओळखला. बहुतेक ई. कोलाय बिनबोभाट आपल्यात राहतात. बाळाला अँटिबायोटिक दिलं की त्यातले साधेसुधे मरतात आणि ज्यांच्याकडे औषधावर तोड आहे ते उरतात. रिकाम्या जागेत तेच वाढतात. ही तोड बऱ्याचदा प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यावर लिहिलेली असते आणि एक जंतू दुसऱ्याला चिकटून त्या कड्याची नक्कल त्याला देऊ शकतो. जात वेगळी असली तरी चालतं. जपानमध्ये १९५० च्या दशकात हगवणीचे असे जंतू सापडू लागले, ज्यांच्यावर एकाच वेळी चार-चार औषधं चालेनात. १९५९ साली तिथल्या शास्त्रज्ञांनी औषधाला न जुमानणारा ई. कोलाय आणि साधा शिगेला एकत्र वाढवून पाहिले. शिगेलाही औषधाला जुमानेनासा झाला. म्हणजे आज बाळाच्या पोटातल्या निरुपद्रवी ई. कोलायला आपण जे शिकवतो, ते उद्या पोटात शिरलेल्या शिगेलाच्या हाती लागतं. आणि शिगेलाचे दहा ते शंभर जंतू पोटात गेले तरी आजार व्हायला पुरतात. लंगोट बदलून हात न धुता पाजलेलं एक वाटी दूध बास होतं.

दुसरी बाजू त्याहून काळजीची आहे. सगळे ई. कोलाय गरीब नसतात. काहींकडे आतड्याला घट्ट चिकटायची साधनं असतात, काही विष सोडतात. त्यातला एक प्रकार आतड्याच्या पेशींवर वीटभट्टीत विटा रचाव्यात तसा थरावर थर रचून बसतो. लेकरांचे जुलाब पंधरा-पंधरा दिवस थांबत नाहीत त्यामागे पुष्कळदा हाच असतो. प्लेटवर तो साध्या ई. कोलायसारखाच गुलाबी दिसतो, नेहमीच्या कल्चरमध्ये ओळखू येत नाही. पीसीआर चाचणी करून त्याचे जीन (जनुकं) शोधावे लागतात आणि ती सोय मोजक्या ठिकाणी आहे. चिकटण्याचे, विषाचे जीनही अनेकदा प्लाझ्मिडवरच असतात. घातकपणा आणि औषधाला न जुमानणं, दोन्ही एकाच जंतूत गोळा झालं की आपण औषध देऊन त्यातला घातक जंतूच निवडून वाढवतो.

हे पुस्तकापुरतं नाही. २०११ साली जर्मनीत मोड आलेल्या मेथीतून असाच एक जंतू पसरला. मूळचा तो विटा रचणारा प्रकार. त्याने शिगा नावाच्या विषाचा जीन एका विषाणूकडून मिळवला होता आणि सेफालोस्पोरिन, म्हणजे सेफिक्झिमच्या गटातली, औषधं तोडणारं प्लाझ्मिडही त्याच्याकडे होतं. त्यावर जो जीन होता तो जगात पहिल्यांदा भारतातल्या जंतूंमध्येच नोंदवला गेला होता. जवळपास चार हजार माणसं आजारी पडली, आठशेहून जास्त लोकांची किडनी धोक्यात आली, पन्नासहून जास्त दगावली. एवढी स्वच्छता, एवढी रुग्णालयं असलेल्या देशात. आपल्याकडे मेथीला मोड आणून खाणारी घरं काही कमी नाहीत. मेथी सोडा असं माझं म्हणणं नाही. तसा जंतू आपल्या वस्तीत जन्माला येऊ नये म्हणून मी हात जोडते आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ च्या यादीत सिप्रोच्या गटाला न जुमानणाऱ्या शिगेलाला वरच्या धोक्याच्या जंतूंत धरलं आहे. सेफालोस्पोरिनला न जुमानणारे ई. कोलायसारखे जंतू तर सगळ्यात वरच्या गटात आहेत.

आता इलाज. तो तुमच्याच फळीवर आहे आणि त्याची गोष्ट आपल्याच देशातल्या बंगालातली आहे. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित सीमेवर आले, बनगावच्या छावणीत कॉलरा फुटला. सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज, सोडा मोजून पुड्या बांधल्या, पिंपात कालवल्या आणि नातेवाइकांच्याच हातून आजाऱ्यांना पाजायला लावल्या. मरणाचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं ते चार टक्क्यांच्या खाली आलं. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. तीच पुडी आज तुमच्याकडे ओआरएस म्हणून पडून असते, बहुधा काउंटरच्या खालच्या कप्प्यात.

ती देताना दोन वाक्यं बोला, एवढीच विनंती. २०.५ ग्रॅमचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, छोटं साधारण ४ ग्रॅमचं २०० मिलीत. अर्धं पाकीट पेल्यात टाकणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. ते पाणी खारट होतं आणि बाळाच्या रक्तातलं मीठ वाढून झटके येऊ शकतात. दोन वर्षांखालच्या लेकराला प्रत्येक पातळ शीनंतर साधारण ५० ते १०० मिली, चमच्या-चमच्याने. ओकलं तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. सोबत झिंक : सहा महिन्यांखाली १० मिलिग्रॅम, त्यावर २० मिलिग्रॅम, रोज एकदा, पूर्ण चौदा दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी झिंक चौदा दिवस, हे पाकिटावर पेनाने लिहून द्या, कारण घरी गेल्यावर लक्षात राहत नाही. आणि ती रंगीत टेट्रापॅकमधली गोड पेयं ओआरएस म्हणून देऊ नका. साखर जास्त गेली की जुलाब वाढतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला बंदीच घातली. जुलाब बांधणाऱ्या गोळ्या लहान मुलांना द्यायच्या नाहीत, हे तुम्हाला सांगायला नको.

"पण थोडं अँटिबायोटिक दिलेलं बरं, लेकरू आधीच अशक्त आहे," असं म्हणणारेही भेटतात. याचीही परीक्षा झालेली आहे. भारतासह सात देशांत आठ हजारांहून जास्त लेकरांवर एक अभ्यास झाला, २०२१ साली छापून आला. पाण्यासारखे जुलाब असलेली, त्यातही शरीरातलं पाणी कमी झालेली किंवा कुपोषित, म्हणजे अगदी काळजीची मुलं. निम्म्यांना अॅझिथ्रोमायसिन, निम्म्यांना नुसतं गोड सिरप, ओआरएस आणि झिंक मात्र सगळ्यांना. अॅझिथ्रोमायसिनने जास्त जीव वाचले नाहीत.

शीमध्ये रक्त असेल तर गोष्ट वेगळी. तिथे अँटिबायोटिक लागू शकतं, पण कोणतं ते काउंटरवर ठरवता येत नाही. शिगा विष सोडणारा ई. कोलाय असेल तर काही औषधांनी विष आणखी सुटतं आणि किडनीवर येतं. म्हणून रक्त दिसलं की बाटली न देता डॉक्टरकडे पाठवा. सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू बसते, लेकरू सुस्त पडलं आहे, पाणी पित नाही किंवा दोन महिन्यांहून लहान आहे, तर रात्रीचे बारा वाजले असले तरी मोठ्या मेडिकलला नाहीतर मेयो रुग्णालयाला पाठवा. तुम्ही सांगितलं तर आईबाप ऐकतात. आमचं एवढं ऐकत नाहीत.

तुमच्या अडचणी मला कळतात. तुम्ही नाही म्हटलं तर गिऱ्हाईक चार पावलांवरच्या दुसऱ्या दुकानात जातं आणि बाटली घेऊनच घरी पोचतं. वर "त्या दादाकडे मिळत नाही" असं नाव होतं ते वेगळंच. एकट्याने केलं तर तोटा एकट्याला. म्हणूनच हे पत्र एका दुकानाला न लिहिता सगळ्यांना लिहिलं. एका चौकातल्या तीन-चार मेडिकलवाल्यांनी एकत्र बसून ठरवलं की चिठ्ठीशिवाय लेकरांना ही बाटली नाही, तर गिऱ्हाईक जाणार कुठे? कायदाही तुमच्या बाजूने आहे. सेफिक्झिम हे एच-वन यादीतलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायचं नाही असं औषध. १ मार्च २०१४ पासून डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं, हे वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून तीन वर्षं ठेवायचं आहे. ऑफ्लॉक्सासिनलाही चिठ्ठी लागतेच. ते रजिस्टर तपासणीपुरतं भरू नका. कोणी हट्ट धरला की तेच उघडून समोर ठेवा आणि सांगा, डॉक्टरचं नाव काय लिहू? केरळात आता दुकानदार अँटिबायोटिक निळ्या पाकिटात घालून देतात, म्हणजे घरी गेल्यावरही हे साधं औषध नाही हे लक्षात राहतं. गांधीबागेतल्या दवाबाजारातून सगळ्या विदर्भात माल जातो. तिथल्या ठोक व्यापाऱ्यांनी मनावर घेतलं तर निळी पाकिटं छापणं ही काही मोठी गोष्ट नाही.

पाण्याबद्दल महापालिकेला वेगळं लिहीन. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदी लोकांच्या घरात शिरली होती. नळाची पाइपलाइन जिथे नालीला लागून गळते, तिथे तर नालीचं पाणी नळात शिरून दर पावसाळ्यात पूर येतोच, फक्त तो दिसत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण सगळे मारबतीचे पुतळे घेऊन रस्त्यावर उतरतो, रोगराई घेऊन जा गे मारबत, म्हणून ओरडतो. माझ्या आजीच्या ओरडण्यात हगवण पहिली असायची. तिची दोन लेकरं हगवणीने गेली होती आणि तेव्हा ना ओआरएस होतं ना अँटिबायोटिक. आज दोन्ही आहेत. पहिलं आपण देत नाही आणि दुसरं नको तिथे देऊन संपवतो आहोत.

ज्यांना यातलं काही पटत नसेल त्यांनी मला बोलवा. तुमच्या संघटनेच्या बैठकीला मी प्लेटांचे फोटो घेऊन येईन, गोल पडलेल्या आणि न पडलेल्या, दोन्ही. तारीख तुम्ही सांगा, दुकान बंद झाल्यावरची वेळ असली तरी चालेल.

त्या रविवारच्या दुकानात मी या आठवड्यात परत जाणार आहे, बीपीच्या गोळ्या संपल्या आहेत. हे पत्र छापून दादांच्या हातात देणार आहे. पुढे कोणी लेकरू घेऊन उभं असेल तर शीत रक्त आहे का, एवढं मी स्वतः विचारणार आहे, मागे कितीही रांग असली तरी.

आपली,
प्रयोगशाळेत काम करणारी तुमचीच एक गिऱ्हाईक
नागपूर